नऊ बादल्या

शनिवारी रात्री येऊरच्या त्या बंगल्यात
नऊ गाद्या, नऊ बादल्या.
गाद्या मी घालते. बादल्याही मीच ठेवते,
उशाशी, उजव्या हाताला,
कारण साहेब म्हणतात, पोटातलं आधी बाहेर येतं,
मग मनातलं.
रविवारी धुते मीच. मनातलं कुठलं
ते वेगळं ओळखता येत नाही.

वेल येते समुद्रापलीकडून, उकळून, बाटलीत.
काळी, वास ओल्या चामड्याचा.
मला गुळवेल माहीत, कावळी माहीत,
खाजकुइली तर अंगालाच माहीत;
ही कुणाच्या रानातली, हिला तोडताना
कुणी काय पुटपुटलं असेल,
ते बाटलीवर लिहिलेलं नाही.

माझा आजा जिव्या वरठा, पाटोणपाड्याचा भगत.
धोतऱ्याजवळ जाताना चप्पल काढायचा.
म्हणायचा, हा शहाणा आहे, पण चेष्टेखोर;
याला काम सांगावं, गप्पा मारू नयेत.
बी नखाच्या टोकावर मोजायचा
आणि मोजताना आमच्याकडे पाठ फिरवायचा.
ती मोजणी त्याने कुणालाच दिली नाही.
सिव्हिलच्या कॉटवर मी विचारलं, तर म्हणाला,
तुला नको. तुला मुलं आहेत.

आजाऱ्याला तो कधी धोतरा देत नसे.
स्वतः घ्यायचा, सुपातल्या दाण्यांपुढे बसून,
आणि आजाऱ्याच्या वाटेने जाऊन यायचा.
रडणारीचं रडं शोधायला
रडणारीनंच का जावं, म्हणायचा,
ती आधीच दमलेली.
नेहमी जमायचंच असं नाही.
धाकट्या काकीला शेवटी त्यानेच
ठाण्याच्या मेंटलला नेलं, टीएमटीत खिडकीशी बसवून,
आणि गोळ्यांची चिठ्ठी टोपीत घालून परतला.
काकीला झोप लागली. आजा म्हणाला,
चांगलं झाड असेल ते.

परवाच्या रविवारी सगळ्या गाड्या गेल्या.
साहेबही सहालाच गेले, ढोल डिकीत घालून.
चार नंबरच्या गादीवरची बाई राहिली.
वाशीची, बँकेतली. पायरीवर बसून
स्वतःचे हात बघत होती.
म्हणाली, बाबा दिसले.
काय म्हणाले?
काहीच नाही. कुकरची रिंग बदलत होते.
अख्खी रात्र. रिंग बसेना.
आणि हसली, आणि मग तिला
हसणं थांबवता येईना.

मी तांब्याने तिच्या हातांवर पाणी घातलं.
विचारलं, परत आणायला कोण आलं होतं?
तिला कळलं नाही.

आजा सांगायचा, जायला झाड पुरतं.
परतीला माणूस लागतो.
सात रात्री तो त्या घरी जाऊन बसायचा,
देवाबिवाचं अक्षर काढायचा नाही,
कोंबडी बसली का अंड्यांवर,
मीठ आहे का घरात,
असलंच विचारायचा.

फाटकापर्यंत दोघी चाललो.
वाटेत धोतरा होता, पांढरा, तोंड वर करून.
हाच का तो? तिने हात पुढे केला.
मी मनगट धरलं. म्हटलं, लांबूनच.
आपलं नाव सांगा त्याला आणि चला.
तिने खरंच सांगितलं.
आडनावासकट. शाखेसकट.

मग सात रात्री मी फोन केला.
पाणी आलं का. भाजी कसली.
लिफ्ट चालू झाली का.
पाचव्या रात्री तिने उचलला नाही.
मी जागी राहिले.
सातव्या रात्री तिनेच विचारलं,
तुमच्या त्या कोंबडीचं काय झालं?
म्हटलं, कोंबडी आजाच्या वेळची.
तीस वर्षं झाली.
तरी, ती म्हणाली.

उद्या शनिवार.
चार नंबरची बादली तळाशी चिरली आहे,
साहेबांना सांगायचंय.
गाद्या उन्हात टाकल्यात.
आणि कुंपणाला, बंगल्याच्या आतल्या अंगाने,
एक धोतरा उगवलाय;
माळ्याने उपटायच्या आधी
चप्पल काढून जाऊन येते.